फाँतेनब्लो राजवाडा

फाँतेनब्लो राजवाडा : फ्रान्समधील एक ऐतिहासिक राजवाडा. पॅरिसच्या आग्नेयीस सु. ६० किमी. अंतरावर, याच नावाच्या अरण्यालगत तो वसला आहे. दालने सु. १,५००. व्हर्सायच्या राजवाड्यावर मुख्यतः चौदाव्या लूईची छाप आहे. येथे मात्र बाराव्या शतकातील सातव्या लूईपासून तिसऱ्या नेपोलियनपर्यंत राजकुळांचा राबता होता.

अरण्यातील शिकार हे राजांच्या येथील मुक्कामाचे मुख्य निमित्त. चौथा फिलिप येथेच जन्मला (१२६८) आणि येथेच वारला (१३१४). मध्ययुगीन गढीचा राजवाडा केला तो पहिल्या फ्रान्सिसने. १५२८ पासून त्याने जुने बांधकाम पाडून नवे उभारले आणि रोस्सो फिओरेन्तिनो व प्रिमातीच्चो या इटालियन कलावंतांना पाचारण केले. त्याच्या नावाच्या सु. ६० मी. लांबीच्या सज्जात खाली कोरीव अक्रोडी लाकूड, वर भित्तिचित्रे व गचकामातील मूर्ती आहेत. जागोजागी त्याचे राजचिन्ह सॅलॅमँडर दिसते. चित्रे व गचकाम यांच्या या शैलीला ‘फाँतेनब्लो संप्रदाय’ असे नाव पडले. दुसरा फ्रान्सिस, तिसरा हेन्री व तेरावा लूई यांचा जन्म येथलाच.

शरद ऋतूत सारा दरबार येथे मुक्कामी येई. दरबाराच्या अशा मुक्कामांत कोणाला कोणती खोली, ते दारावर खडूने लिहीत. राजकुळातील व तशाच मानाच्या मंडळींच्या दारावर ‘अमक्यासाठी’ असे, तर इतरांच्या दारावर नुसते नाव. त्या एका शब्दावरूनही मानापमान होत. १६५७ मध्ये स्वीडनची पदत्याग केलेली राणी क्रिस्तिना येथे पाहुणी असताना तिने आपला अश्वशाळाप्रमुख मोनाल्देस्की याला विश्वासघाताच्या आरोपावरून हरणांच्या सज्जात ठार करविले. प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेणारे फर्मान चौदाव्या लूईने १६८५ मध्ये येथूनच काढले. पंधराव्या लूईचा विवाह येथील प्रार्थनामंदिरात झाला (१७२५).

क्रांतिकाळात राजवाड्यातील सामान लिलावात गेले. आपल्या राज्याभिषेकासाठी येणाऱ्या पोप सातव्या पायसच्या मुक्कामाकरिता नेपोलियनने १८०४ मध्ये तो पुन्हा सजविला. राजाच्या शयनगृहात पलंगाच्या जागी त्याने सिंहासन मांडविले. फ्रान्समध्ये मूळ सामानासह टिकलेले सिंहासनगृह हे एवढेच. तेच पोप १८१२ ते १८१४ या काळात येथे नजरकैदेत होते. एप्रिल १८१४ मध्ये नेपोलियनने याच वाड्यात पदत्याग केला व २० एप्रिलला नालाकृती जिन्याने उतरून प्रांगणात आपल्या जुन्या रक्षकदलाचा निरोप घेतला. ‘पांढऱ्या घोड्याच्या’ या प्रांगणाला तेव्हापासून ‘निरोपाचे प्रांगण’ असेही म्हणतात.

तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी यूजेनी हिने १८६३ मध्ये येथे चिनी संग्रहालय मांडले. त्यातील बऱ्याच वस्तू १८६० मध्ये बीजिंगच्या उन्हाळी राजवाड्यातून लुटून आणलेल्या होत. तिसऱ्या नेपोलियनच्या साम्राज्याच्या पतनानंतर (१८७०) येथे राजकुटुंब राहिले नाही. १८७०–७१ मध्ये प्रशियन, १९४० मध्ये जर्मन सैन्य येथे शिरले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९६६ पर्यंत येथे पश्चिमी मित्रराष्ट्रांचे लष्करी मुख्यालय होते. १९८१ पासून राजवाडा व उद्यान यांचा यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश असून, राजवाडा आज संग्रहालय म्हणून लोकांना खुला आहे.