चित्रफितीवरून तबकडीवर : ध्वनी व चित्र यांच्या कालमेळाचा इतिहास

ध्वनी व चित्र एकाच वेळी मुद्रित झाले म्हणजे ते कायमचे एकत्र राहतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जुन्या व्हिडिओ टेपवरील सामग्री डीव्हीडीवर उतरविताना ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतो, हा अनुभव आला म्हणजे ती समजूत फोल ठरते. या दोषाचे खापर नव्या यंत्रांवर फोडले जाते. परंतु त्याचे मूळ शोधू गेल्यास ते बोलपटाच्या आरंभकाळात सापडते.

वॉर्नर बंधूंचा ‘डॉन जुआन’ हा चित्रपट ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्क येथे व्हायटाफोन पद्धतीने प्रदर्शित झाला. या पद्धतीत चित्र फिल्मवर, तर ध्वनी १६ इंची तबकडीवर असे. तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेई, व सुमारे ११ मिनिटांचे एक रीळ तिच्याशी जुळविलेले असे. दोन्हींची गती परस्परांशी जखडलेली असल्यामुळे मेळ टिके. फिल्म तुटली की मात्र घोटाळा होई. चार चौकटी कापल्या गेल्या तर तेथून चित्र तेवढे पुढे जाई. तबकडीला त्याची वार्ता नसे. म्हणून गेलेल्या चौकटींइतकीच कोरी फिल्म जोडण्याचा प्रघात पडला. पुढे ध्वनिपट्टी फिल्मच्याच कडेला आली आणि हा प्रश्न मागे पडला. १९५६ साली अँपेक्स कंपनीने पुढे आणलेली व्हिडिओ टेप व १९७६ साली बाजारात आलेली व्हीएचएस या दोहोंतही ध्वनी व चित्र एकाच फितीवर होते. फीत मंदावली तर दोन्ही सारखीच मंदावत.

संगणकाने ही एकवाहकता पुन्हा मोडली. चित्राच्या चौकटी एक यंत्रभाग मोजतो, ध्वनीचे नमुने दुसरा. दोघांची घड्याळे स्वतंत्र. तबकडी व फिल्म यांची जुनी फारकत येथे नव्या रूपाने अवतरते.

या बिघाडाचे तीन प्रकार संभवतात. पहिला स्थिर : आरंभापासून अखेरपर्यंत अंतर तेवढेच राहते. येथे ध्वनी तितकाच सरकविणे पुरे. दुसरा वाढता : घड्याळांत दशलक्षांश ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात ०.१८ सेकंद अंतर पडते. अमेरिकन रंगीत चित्रणाचा सेकंदास २९.९७ चौकटींचा वेग ३० धरला, तर हे अंतर तासास ३.६ सेकंद होते. येथे ध्वनीची एकूण लांबी त्या प्रमाणात बदलावी लागते. तिसरा पायऱ्यापायऱ्यांचा : झिजलेल्या फितीचे संकेत अस्थिर झाले की चौकटी गळतात. आपल्याकडील पाल पद्धतीत प्रत्येक चौकट ४० मिलिसेकंदांची. २५ गळाल्या की एक सेकंद गेला. येथे ध्वनी ताणण्याने काहीच साधत नाही. टाइम बेस करेक्टर या यंत्राने संकेत सावरून फीत पुन्हा उतरविणे, अथवा गळालेल्या जागी चौकटी भरणे, हाच उपाय. आणि तो व्हायटाफोनच्या कोऱ्या फिल्मचाच वंशज होय. प्रकार ओळखण्यासाठी आरंभी, मध्ये व अखेरीस टाळी किंवा दार आपटणे यांसारखा प्रसंग गाठून अंतर मोजावे, दुरुस्ती त्यानंतर.

भाषाभ्यासकाने या यांत्रिक तपशिलाकडे का वळावे? कारण ऐकणे हे केवळ कानांचे काम नव्हे. मॅकगर्क व मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली दाखविले की, ‘ग’कार उच्चारणाऱ्या ओठांवर ‘ब’काराचा ध्वनी बसविल्यास अनेकांस ‘द’कार ऐकू येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी प्रेक्षकास जाणवतो. मागे पडला तर सुमारे १२५ पर्यंत जाणवत नाही. निसर्गातही प्रकाश आधी व ध्वनी नंतर पोचतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु प्रेक्षकाची सहनशीलता हा संशोधनाचा निकष नव्हे. ‘प’ व ‘ब’ यांतील भेद, किंवा हातवारा व आघातयुक्त शब्द यांचा संबंध, काही दशक मिलिसेकंदांवर ठरतो. ज्या बोलींचे वक्ते आज हयात नाहीत, त्यांच्या फितींबाबत हा प्रश्न निकडीचा आहे. व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ साली थांबले. फिती झिजत आहेत. अशा वेळी केवळ डोळ्यांना बरे दिसावे म्हणून ध्वनी ताणून मूळ प्रत टाकून दिली, तर पुरावाच बदलतो. न दुरुस्त केलेली प्रत जपावी आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद तिच्याजवळ ठेवावी. हस्तलिखिताच्या संपादकाने पाठभेदांशी जे इमान राखावयाचे, तेच येथेही अभिप्रेत आहे.