विम्याला विम्याची जोड

मंडळी, मृगाच्या आधी आपण घर शाकारतो. त्यात चार कौलं फुटकी राहिली, तर पाणी नेमके तिथूनच आत येते. विम्याचेही असेच आहे. "विमा उतरवलाय" एवढ्यावर भागत नाही. तो कुठे उघडा राहिलाय, तेही पाहावे लागते. अमेरिकेतल्या वृद्धांना हे कसे उमगले, त्याची ही हकिकत.

३० जुलै १९६५ रोजी मिसूरी राज्यातल्या इंडिपेंडन्स या गावी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 'मेडिकेअर'च्या कायद्यावर सही केली. शेजारी होते ८१ वर्षांचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन. सर्व लोकांना आरोग्यविमा हवा, हे त्यांनी १९४५ सालीच मांडले होते. पण ते साधले नव्हते. आता निदान पासष्टी गाठलेल्यांची सोय झाली आणि पहिले कार्ड ट्रुमन यांच्या हाती पडले.

१ जुलै १९६६ पासून मदत मिळू लागली. पण बारकाईने हिशेब पाहा. इस्पितळात गेले की पहिले ४० डॉलर रोग्याचे. मुक्काम साठ दिवसांपुढे लांबला, तर नव्वदाव्या दिवसापर्यंत रोज १० डॉलर त्याचेच. डॉक्टरांच्या बिलासाठी दरमहा ३ डॉलरांचा वेगळा हप्ता. तो भरूनही वर्षातले पहिले ५० डॉलर आणि पुढच्या खर्चाचा पाचवा हिस्सा रोग्याने सोसायचा. म्हणजे वर्षाचे बिल १५० डॉलर झाले, तर विम्याचे ८० आणि रोग्याचे ७०! आकडे पुढे बदलले. पाचवा हिस्सा मात्र आजही कायम आहे.

ही उरलेली रक्कम देणारा जोडविमा खासगी कंपन्या विकू लागल्या. त्याला नाव पडले 'मेडिगॅप'. आधी मेडिकेअरने आपला वाटा द्यायचा, मग राहिलेल्यातला ठरलेला भाग जोडविम्याने. दिलासा खरा होता. पण जिथे भीती, तिथे बाजारही भरतो. प्रत्येक पॉलिसीची भाषा निराळी, तुलना करायची कशी? काही विक्रेत्यांनी तर एकाच वृद्धाच्या गळ्यात अनेक पॉलिस्या बांधल्या. फट एकच, पण ठिगळावर ठिगळ, आणि हप्ते सगळ्यांचे!

१९८० साली सरकारने कंपन्यांसाठी ऐच्छिक नियम केले. ते पुरेनात, म्हणून १९९० साली सक्तीचा कायदा आला. १९९२ पासून बहुतेक राज्यांत 'ए' ते 'जे' अशा दहाच ठरीव योजना विकता येऊ लागल्या. अक्षर एक, तर फायदे एक. कंपनी कुठलीही असो, फरक किमतीचा. एकावर दुसरी पॉलिसी गळ्यात मारायला बंदी झाली. शिवाय पासष्टीनंतर डॉक्टरी भागात नाव घातल्यापासून सहा महिने, आजारी म्हणून कोणाला नाकारता येईना.

तेव्हा गुरुजी, मुलांना यातून गणित जरूर घाला. आणि शेतकरी दादा, उद्या कोणी जोडविमा घेऊन ओसरीवर आला, तर चहा द्या, पण आधी एवढे विचारा: माझ्या पहिल्या विम्यात काय राहिलंय, आणि त्यातले तुमचा विमा नेमके किती देणार? उत्तर कागदावर दाखवले, तरच सही.