धनी घरी नसताना

घरात कुणी नसताना दिवे लागावेत, टाकी भरावी, अशी घरे आता शहरांत होऊ लागली आहेत. नवल वाटते ना? पण आपोआप चालण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनीच. लग्नातले घटिकापात्र आठवा. बुडाशी बारीक भोक असलेली ती वाटी पाण्यावर सोडली, की 24 मिनिटांनी आपोआप बुडते, घटका भरते. छत्रपती संभाजीनगरची जुनी पाणचक्की पाहा. डोंगरातून नळाने आणलेल्या पाण्यावर ती यात्रेकरूंसाठी धान्य दळी. ना बैल, ना माणूस!

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ही युक्ती विहिरीवर आली. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री येई. अंधारात, इंचूकाट्यात कोण जाणार? मग ऑटोस्विच बसले. वीज आली, की मोटार आपली सुरू. पुढे पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी फोनवरून पंप चालवणारे ‘नॅनो गणेश’ केले. 2009 साली त्याला नोकियाचे बक्षीस मिळाले.

पण ऑटोस्विचमध्ये एक खोच आहे. वीज येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात. तो भार न सोसून रोहित्र जळते, आणि एकाच्या सोयीपायी सगळ्यांची पिके वाळतात. म्हणून कपॅसिटर बसवा. ऑटोस्विच असेलच, तर आपसांत ठरवून मोटारी मागेपुढे सुरू होतील असे करा.

यंत्राला शेजारधर्म ठाऊक नसतो. तो आपणच, घराबाहेर पडण्याआधी, त्याला लावून द्यायचा असतो.