गिरणगाव जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या



आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरातलं कुणी ना कुणी कामासाठी बाहेरगावी असतं. मुलगा चाकणला कंपनीत असतो, दीर मुंबईला असतो, भाऊ ट्रकवर असतो आणि महिन्यातून दोनदा घरी येतो. फोन आला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का? काय जेवलास?" पगार किती झाला हे आपण नंतर विचारतो. घर सोडून राहणाऱ्या माणसाची तब्येत, कामाची ताकद, हाती उरणारा पैसा हे सगळं त्याच्या ताटावर अवलंबून असतं, हे बायकांना सांगावं लागत नाही.

आज आम्ही या ताटाच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोकणातून आणि घाटावरून लाखभर माणसं मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला होती. त्यांतल्या बहुतेकांचं घर गावाकडे होतं. मग त्यांना रोज दोन वेळा कोण जेवायला घालत होतं?

मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी 1854 साली काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढं लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा या भागात चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्या टापूला गिरणगाव म्हणू लागले. माणसं आली ती रत्नागिरीकडून, साताऱ्याहून, पुणे-नगरच्या कोरडवाहू गावांतून. कोकणातले बोटीनं आले, घाटावरचे रेल्वेनं आले. जमिनीचा तुकडा अपुरा, पाऊस बेभरवशाचा आणि डोक्यावर कर्ज, अशी बहुतेकांची कथा होती.

बायको गावीच राहायची, कारण शेत, गुरं आणि म्हातारी माणसं सोडून तिला निघता येत नव्हतं आणि मुंबईत बिऱ्हाड थाटण्याइतका पगार नवऱ्याला नव्हता. 1921 च्या जनगणनेत मुंबईत दोन पुरुषांमागे जेमतेम एक बाई होती. म्हणजे पुष्कळ पुरुषांना घरचं रांधणारं कुणी नव्हतं. राहायला चाळीतली एक खोली असे. बीडीडी चाळींची खोली 160 चौरस फुटांची, आणि तिच्यात एक कुटुंब किंवा दहा-पंधरा गडी. गावाच्या मंडळानं भाड्यानं घेतलेल्या अशा खोल्यांना गाळे म्हणत. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर अंथरूण टाकायची. ट्रंक आणि वळकटी, एवढाच प्रत्येकाचा संसार.

अशा खोलीत दहा-पंधरा जणांनी चूल पेटवायची कुठं? ऑफिसातल्या बाबूला घरून डबा येत होता. डबेवाल्यांची पद्धत 1890 च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, ती आजही चालू आहे. पण डबा यायला आधी घरी रांधणारं माणूस लागतं. गिरणीकामगाराला ते नव्हतं, आणि हॉटेलात रोज जेवणं त्याच्या खिशाला झेपणारं नव्हतं. त्याची सोय केली ती त्याच चाळीत राहणाऱ्या बायांनी. त्या खाणावळवाल्या.

या बाया कोण होत्या? कुणी विधवा होती, कुणाला नवऱ्यानं टाकलं होतं, कुणाचा नवरा गिरणीत होता पण पगार पुरत नव्हता. काही जणी आधी स्वतः गिरणीत कामाला होत्या. हा भाग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. 1920 नंतरच्या दहा वर्षांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा कामगार बाया होत्या. सुताच्या लडी करण्याचं, बॉबिनी भरण्याचं काम त्या करत. बाईला रातपाळीची बंदी होती. 1929 साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता, पण त्याचा खर्च टाळायला मालकांनी बाया घेणंच कमी केलं. नवी यंत्रंही आली आणि बायांची खाती आकसत गेली. गिरणीचं दार बंद झालेल्या बाईच्या हातात एकच काम उरलं, जे तिला लहानपणापासून येत होतं. ते तिनं घरच्या चुलीवर सुरू केलं.

आता तिचा दिवस बघा. सकाळी सातच्या सुमाराला पहिली पाळी सुरू व्हायची, म्हणून ही पहाटे तीन-चारला उठायची. सार्वजनिक नळावर पाणी भरायचं, शेगडी किंवा स्टो पेटवायचा, पीठ मळायचं. पहिल्या पाळीची जेवणं होतात न होतात तोच रातपाळीची माणसं भुकेली यायची. मग दुसरी पाळी आणि पुन्हा रात्रीचं जेवण. मधल्या वेळात बाजार, दळण, भांडी आणि रेशनची रांग. खोली तीच, पोरंबाळं तिथंच. जेवायला पंगत बसली की घरची माणसं बाहेर पॅसेजमध्ये उभी राहायची.

आणि जेवण कसंही चालत नव्हतं. कोकणातल्या माणसाला भात आणि माशाचं कालवण हवं, साताऱ्याच्या माणसाला भाकरी आणि झणझणीत कालवण हवं. म्हणून माणसं शोधत शोधत आपल्या तालुक्यातल्या बाईच्या खाणावळीत जायची. तिच्या हातचा मसाला गावच्या चवीचा असायचा. परमुलखात आजारी पडलेल्याला पेज करून देणारी तीच, गावाकडून निरोप आला तर तो पोहोचवणारीही तीच. "खाणावळ बदलली आणि तब्येत सुधारली," असं माणसं सांगत, ते काही उगाच नव्हे.

चवीसारखीच जातही पंगतीला येऊन बसली होती, हेही आपण बोललं पाहिजे. गिरणीत पिण्याच्या पाण्याची भांडी वेगळी असत. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त होता. पण तिथं सुताचा धागा तोंडानं ओढून धोट्यात ओवावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथं येऊ देत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. जिथं धाग्यालाही विटाळ होता, तिथं ताटाला नसेल कसा? दलित कामगारांच्या खाणावळी त्यांच्याच वस्तीत, त्यांच्याच बाया चालवत. कष्ट तेच, भाकरी तीच, पण पंगत वेगळी.

आता हिशोबाकडे येऊ या, कारण सगळी गोष्ट हिशोबात आहे. कामगाराचा पगार महिन्यानं व्हायचा, म्हणून खाणावळीचे पैसेही महिन्यानं मिळायचे. जेवायला न आलेल्या वेळेचा खाडा धरायचा आणि खाडे वजा करून पैसे घ्यायचे. पण बाईला तांदूळ, पीठ, तेल, रॉकेल रोज लागायचं. ते ती वाण्याकडून उधार आणायची, आणि उधारीचा माल नेहमी चार पैसे महाग आणि थोडा हलका मिळतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. वाणी अडला की सावकार. सावकाराचा दर महिन्याला शेकडा 10 धरला, तर 100 रुपयांवर वर्षाला 120 रुपये व्याज होतं. म्हणजे पंधरा-वीस माणसांना जेवू घालून तिच्या हाती काय उरायचं? बहुतेक वेळा घरच्या माणसांचं जेवण तेवढं सुटायचं. तिची मजुरी कुठंच धरलेली नसायची, तिनंही धरलेली नसायची.

संप झाला की हे सगळं तिच्या अंगावर यायचं. 1928 चा संप सहा महिने चालला. 1974 च्या सुरुवातीला 42 दिवसांचा संप झाला. संपात कामगाराचा पगार थांबतो, पण भूक थांबत नाही. खाणावळवालीनं ताट काढून घेतलं असतं, तर माणसं आठवड्याभरात गावाकडे परतली असती आणि संप मोडला असता. तिनं ताट काढून घेतलं नाही. अंगावरचं किडुकमिडुक गहाण टाकून तिनं उधारीवर जेवू घातलं. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, सभांच्या तारखा येतात. संप ज्या भाकरीवर चालला, ती कुणी थापली हे फारसं लिहिलेलं सापडत नाही.

हे एका बाईनं नीट पाहिलं. त्यांचं नाव प्रेमाताई पुरव. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि पुढं गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताईंना कळलं, की ही बाई सावकाराच्या तावडीतून सुटल्याशिवाय तिच्या कष्टाचं फळ तिला मिळणार नाही. 1969 मध्ये मोठ्या 14 बँका सरकारी झाल्या होत्या. 1972 पासून अगदी गरिबांसाठी वर्षाला 4 टक्के व्याजाची योजनाही होती. कुठं महिन्याला शेकडा 10 आणि कुठं वर्षाला शेकडा 4! पण बँकेत गेलं की पहिला प्रश्न येई, तारण काय आणि जामीन कोण? खाणावळवालीकडे ना जमीन, ना दुकानाचा परवाना, ना खोलीचा कागद तिच्या नावावर.

1975 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, प्रेमाताईंनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आधी पहिल्या 14 जणींचा गट पुढं आला. उपाय साधा होता. बायांनी गट करायचा आणि गटातल्या बायांनीच एकमेकींना जामीन राहायचं. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी तिच्या दारात जाऊन विचारायचं आणि अडचण खरी असेल तर निभावून न्यायचं. तारण म्हणून बँकेला एकमेकींचा शब्द मिळाला. बायांनी तो पाळला आणि मग शेकडोंनी, पुढं हजारोंनी खाणावळवाल्या त्यात आल्या. ज्या बाईला सही येत नव्हती ती बँकेच्या खिडकीशी उभी राहिली. तिचं काम हा धंदा आहे, हे पहिल्यांदा कुठल्या तरी कागदावर लिहिलं गेलं.

मैत्रिणींनो, ही पद्धत ओळखीची वाटते ना? आपले बचत गट बँकेला जोडण्याची नाबार्डची योजना 1992 ची आहे. त्याच्या सतरा वर्षं आधी गिरणगावच्या खाणावळवाल्यांनी ती वाट चालून दाखवली होती.

मग 1982 उजाडलं. 18 जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साधारण अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. या वेळीही खाणावळवालीनं उधारीवर जेवू घातलं. पण हा संप मिटलाच नाही. महिन्यांमागून महिने गेले. माणसं वळकटी उचलून गावाकडे परतली ती कायमची, आणि बाईच्या वहीतले आकडे वहीतच राहिले. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढं गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा गिरणीच्या नोंदीत नाव असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र ठरला. कामगाराची बायको असलेल्या खाणावळवालीला त्या नात्यानं काही मिळालं असेल. पण तीस वर्षं गिरणगावाला जेवू घातलं, या कामाबद्दल तिचा हक्क धरला गेला नाही. कारण तिच्या कामाची हजेरी कुठल्याच मस्टरवर लागली नव्हती.

ज्या मंडळात आल्या होत्या त्यांना थोडा आधार राहिला. काहींनी ऑफिसांना डबे पुरवले, काहींनी कँटीनची कामं घेतली. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी 1993 मध्ये पुण्यात वस्तीतल्या बायांसाठी कर्जाचं तेच काम पुढं नेलं.

हा इतिहास आम्ही आज सांगितला, कारण आपल्यापैकी किती तरी गट आता हेच काम करताहेत. कुणी एमआयडीसीत डबे देतं, कुणी मजुरांना जेवण देतं, कुणी शाळेचा पोषण आहार शिजवतं. आपल्या हातचं खाऊन कुणाचा तरी मुलगा परगावी धड राहतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण ती करताना खाणावळवालीच्या वहीतून चार गोष्टी शिकून घेऊ या.

पहिली, डब्याचा दर ठरवताना आपली मजुरी आधी धरायची. पीठ, तेल, गॅस यांच्या बरोबरीनं पहाटेच्या चार तासांचीही किंमत लिहायची. दुसरी, खाडे आणि उधारी रोजच्या रोज लिहायची आणि महिन्याला देणाऱ्याची सही घ्यायची. तिसरी, एका माणसाची उधारी किती होऊ द्यायची याची मर्यादा गटानं मिळून ठरवायची, म्हणजे "नाही" म्हणण्याचं ओझं एकीवर पडत नाही. चौथी, अन्न व्यवसायाची सरकारी नोंदणी आणि बँकेचं खातं काम करणाऱ्या बाईच्या नावानं करायचं, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नव्हे.

आणि एक काम पुढच्या बैठकीसाठी. आपल्या गावात मुंबईला गिरणीत जाऊन आलेले म्हातारे अजून असतील. त्यांना विचारा, "तुम्ही जेवत कुठं होता? त्या बाईचं नाव काय? शेवटचे पैसे दिले होते का?" ते जे सांगतील ते त्या बाईच्या नावासकट गटाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीत ते मोठ्यानं वाचू या.