वतन हरवलेल्यांच्या कथा

मध्ययुगीन युरोपातील वीरकथा म्हटल्या की आर्थर राजा, त्याचे गोलमेज आणि प्रेयसीच्या एका शब्दासाठी झुंजणारे सरदार डोळ्यांपुढे येतात. इंग्लंडातील काही वीरकथांत भेटणाऱ्या नायकांचे मन मात्र आधी गुंतलेले असते ते बापाच्या जमिनीत.

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि तिथल्या उमरावांच्या घरांत फ्रेंच नांदू लागली. इंग्लंडात रुजलेल्या या फ्रेंचला अभ्यासक अँग्लो-नॉर्मन म्हणतात. बाराव्या शतकात तिच्यात पद्यकथांना बहर आला. बऱ्याच कथा साधारण आठ अक्षरांच्या यमकबद्ध द्विपदींत आहेत. ११७० च्या सुमारास थॉमस नावाच्या कवीने रचलेली हॉर्नची कथा मात्र लांब ओळींच्या, एकच यमक धरून चालणाऱ्या कडव्यांत आहे.

हॉर्नचा बाप मारला जातो आणि पोराला होडीत घालून समुद्रात सोडून देतात. बोव्ह या दुसऱ्या नायकाची आईच त्याच्या बापाचा काटा काढते आणि मुलाला व्यापाऱ्यांना विकते. डेन्मार्कचा राजपुत्र हॅवलॉक परक्या राजाच्या मुदपाकखान्यात राबतो. तिघेही शेवटी आपला हक्क परत मिळवतात.

श्रोत्यांना हे जवळचे वाटावे अशीच परिस्थिती होती. स्टीफन राजाच्या काळातील यादवीत एकेका जहागिरीवर दोन-दोन दावेदार उभे राहिले. पुढे दुसऱ्या हेन्रीच्या राजवटीत बळकावलेली जमीन आणि नाकारलेला वारसा परत मिळवण्यासाठी राजदरबारी दाद मागण्याची रीत बसली. अभ्यासक सुझन क्रेन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात या कथांचा जमीन, वारसा आणि कायदा यांच्याशी असलेला संबंध उलगडून दाखवला.

यातली खरी गंमत पुढेच आहे. जेत्यांच्या वंशजांनी आपलेसे केलेले हे वीर विजयापूर्वीच्या काळातले, इंग्रज वा डॅनिश आहेत. डॅनिश बाजूच्या राक्षसी योद्ध्याला लोळवणारा वॉरिकचा गी हा कारभाऱ्याचा मुलगा, अॅथेलस्टन राजाच्या काळातला म्हणून रंगवलेला. पण वॉरिकच्या बोशां घराण्याने त्याला पूर्वज मानले, मुलांना त्याचे नाव दिले. तलवारीने मिळालेल्या मातीत मूळ धरायला कथा कामी आली.

नवख्या वाचकाने हॉर्नपासून सुरुवात करावी. मग ह्यू द रॉतलांदचा इपोमेडॉन घ्यावा. हा कवी शौर्याच्या साऱ्या थाटाची मिश्कील फिरकी घेतो. वाचताना प्रत्येक नायकाला एकच प्रश्न विचारत राहावा: ही जमीन तुझी, ती कोणत्या आधारावर?