तोंडओळख आणि नोकरी : एका संशोधनाचा इतिहास

वर्गात ‘नेटवर्किंग’ हा शब्द काढला की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “म्हणजे वशिलाच ना, सर?” शंका रास्त आहे. वशिल्यात ओळखीचा माणूस तुमच्यासाठी निर्णय फिरवतो. नेटवर्किंगमध्ये तो बहुतेक वेळा फक्त बातमी देतो, की अमुक ठिकाणी जागा निघते आहे. प्रत्यक्षात या दोहोंची सरमिसळ होतेच. पण अभ्यास करताना फरक ध्यानात ठेवा.

अमेरिकेत ही विद्या मुद्दाम शिकावी लागली ती नोकरीत मुरलेल्या लोकांना. महामंदीच्या अखेरीस, १९३९ साली, न्यूयॉर्कमध्ये ‘फॉर्टी प्लस’ नावाचा क्लब निघाला. चाळिशी ओलांडलेल्या बेकार अधिकाऱ्यांनी एकमेकांना नोकरी शोधायला मदत करायची, अशी त्याची पद्धत. १९७०च्या सुमारास पाळी अभियंत्यांवर आली. सिएटल परिसरात बोइंगकडे १९६७ साली सुमारे एक लाख लोक कामाला होते; एप्रिल १९७१मध्ये चाळीस हजारही उरले नाहीत. पंधरा-वीस वर्षे एकाच कंपनीत काढलेल्या माणसाला अर्ज कसा करावा, इथपासून सुरुवात करावी लागते.

याच सुमारास मार्क ग्रॅनोव्हेटर हा तरुण समाजशास्त्रज्ञ बॉस्टनलगतच्या न्यूटन शहरात, नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तंत्रज्ञ आणि व्यवस्थापकांना एक साधा प्रश्न विचारत होता : या जागेची बातमी तुम्हाला कोणाकडून कळली? ‘मित्राकडून का?’ असे विचारले की अनेक जण त्याला दुरुस्त करत : मित्र नव्हे, नुसती ओळख. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या ५४ जणांची माहिती त्याने तपासली, त्यांपैकी ९ जणच बातमी देणाऱ्याला आठवड्यातून दोनदा तरी भेटत. ३० जण अधूनमधून, आणि १५ जण वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कोणी जुना सहकारी, कोणी कॉलेजातला सोबती, रस्त्यात अचानक भेटलेला. १९७३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला; त्याआधी एका नामांकित नियतकालिकाने तो नाकारला होता.

कारण सोपे आहे. जिवलग मित्र आपल्याच वर्तुळात फिरतात, म्हणून त्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. तोंडओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी कारखाना सोडून शिकवायला आलो, तेव्हा जागेची बातमी दिली ती एम.टेक.च्या काळातल्या, आठ वर्षांत एकदाही न भेटलेल्या मेसमधल्या एका सोबत्याने. घरच्या मंडळींनी जीव तोडून प्रयत्न केले होते. त्यांच्या हाती काही लागले नव्हते.

आता याची उलट बाजू मुंबईत पाहा. गिरण्यांत जॉबर आपल्या गावच्या, नात्यातल्या माणसांना कामाला लावी. गाव, खोली, खानावळ, खाते, सगळीकडे तीच माणसे. पहिली नोकरी मिळवायला ही घट्ट वीण फार उपयोगी. संपाच्या दिवसांत उधारी आणि गावाकडचे धान्यही तिच्यामुळेच मिळे. पण १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर हजारो कामगार कायमचे बाहेर पडले, तेव्हा माझ्या मते हीच वीण अपुरी ठरली. ज्याला विचारायचे तोही त्याच फाटकाबाहेर उभा. चाळिशीतल्या साचेवाल्याची गिरणगावाबाहेर तोंडओळख असणार तरी कोणाशी?

२०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सभासदांवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम सैल ओळखी. अगदीच पुसट झालेल्या नव्हेत. ग्रॅनोव्हेटरच्या पाहणीत मात्र सगळे पुरुषच होते. त्या ५४ जणांच्या जागी स्त्रिया असत्या, किंवा घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेले तुमच्यासारखे काही जण, तर ९, ३० आणि १५ हेच आकडे आले असते का, यावर पुढच्या तासाला बोलू. तोवर आपापल्या घरात विचारून या : सध्याच्या कामाची पहिली बातमी कोणी दिली होती?