पथ्य कोणी पाळले?

राजयक्ष्मा म्हटला की मराठी माणसाला थेऊर आठवते. थोरल्या माधवरावांनी १७७२ च्या नोव्हेंबरात तेथे गणपतीच्या सान्निध्यात देह ठेवला, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. राज्याचा धनी झाला तरी त्या रोगापुढे त्याचे काही चालत नव्हते. पुढची पावणेदोनशे वर्षे जवळजवळ अशीच गेली. हवापालट करावा, दूध-अंडी खावी, पडून राहावे आणि देवावर भरवसा ठेवावा, यापलीकडे वैद्यकाजवळ सांगण्यासारखे फारसे नव्हते. या उपचारातूनच सॅनेटोरियमे निघाली. उत्तरेस भोवाली, दक्षिणेस मदनपल्ली आणि आपल्याकडे मिरज ही नावे ज्या घरांतून हलक्या आवाजात उच्चारली जात, त्या घरांना त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे.

मग औषधे आली. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले, त्याच्या मागोमाग पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ज्याला सारे ‘पास’ म्हणत ते, आणि १९५२ साली आयसोनियाझिड. हा शेवटचा पदार्थ स्वस्त होता, पोटात घेता येत होता आणि गुणकारीही होता. परंतु एकेकटे औषध दिले तर जंतू थोड्याच दिवसांत त्याला पुरून उरत. दोन औषधे मिळून, आणि तीही वर्षभर, न चुकता घ्यावी लागत. या ‘न चुकता’ शब्दांतच पुढची सगळी हकीकत आहे.

१९५५ ते १९५८ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली. तिच्यावरून असा अंदाज निघाला की, ज्यांच्या थुंकीतून रोग पसरू शकतो असे सुमारे पंधरा लाख रोगी भारतात आहेत. खाटा होत्या त्या मात्र हजारांनी मोजण्याइतक्या. प्रत्येक रोग्याला सॅनेटोरियममध्ये न्यावयाचे म्हटले असते, तर खाटा बांधता बांधताच दोन पिढ्या संपल्या असत्या. तेव्हा विचारायचा प्रश्न एकच होता: रोगी आपल्या घरी, आपल्या खोपटात राहून बरा होईल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ साली मद्रासला, आजच्या चेन्नईत, क्षय-रसायनचिकित्सा केंद्र उघडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांचे ते काम. प्रमुख होते डॉ. वॉलेस फॉक्स. शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रोगी निवडले. कोण सॅनेटोरियमात जाणार आणि कोण घरी राहणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवले नाही, ते चिठ्ठी टाकल्यासारखे दैवगतीने ठरले. दोघांनाही औषधे तीच, आयसोनियाझिड आणि पास, आणि मुदतही तीच, एक वर्ष. इकडे चांगला आहार, विश्रांती आणि परिचारिका. तिकडे दाटीवाटीची खोली, अपुरे अन्न आणि रोजची मजुरी.

आज हे वाचताना सोपे वाटते. पण त्या वेळी हे धाडस लहान नव्हते. खोकणाऱ्या बापाला त्याच्या लेकरांजवळ, एकाच चटईवर निजण्यासाठी परत पाठवायचे होते. अंदाज चुकला असता तर त्याची किंमत डॉक्टरांना नव्हे, त्या लेकरांना मोजावी लागली असती. म्हणून केवळ रोग्यांचीच नव्हे, तर त्यांच्या घरच्या माणसांचीही वर्षानुवर्षे तपासणी ठेवली गेली.

हे सारे चालवले कोणी? आज मोठ्या रुग्णालयांतून ‘संशोधन समन्वयक’ नावाचे पद असते. रोग्याला प्रयोग समजावून सांगणे, संमती घेणे, तारखा सांभाळणे, नोंदी ठेवणे, न आलेल्याला शोधून आणणे ही त्याची कामे. माणसाच्या सवयींचा आणि आजाराचा संबंध पाहणाऱ्या शाखेत, म्हणजे वर्तन-वैद्यकात, तर या माणसावाचून पान हलत नाही. त्या शाखेला स्वतंत्र नाव मिळाले ते १९७० नंतर. मद्रासच्या परिचारिका आणि गृहभेटी देणारे सेवक मात्र ते काम त्याच्या वीस वर्षे आधी, नावाशिवाय, पायी हिंडून करीत होते.

ते घरी जात, आणि न कळवता जात. शिल्लक औषध मोजत. जितके दिवस झाले तितके औषध खर्ची पडले आहे का हे पाहात. पण औषध मोरीत टाकूनही हिशेब जुळवता येतो. शहाणा माणूस तेवढे सहज करतो! म्हणून तेथल्या तेथे लघवीचा नमुना घेत. पास पोटात गेलेले असेल तर फेरिक क्लोराइडचे थेंब टाकताच नमुन्याला जांभळट रंग चढतो. हा रंग खोटे बोलत नाही, फक्त तो आजपुरतेच बोलतो. दवाखान्याचा वार माहीत असलेला रोगी त्याच दिवशी सकाळी औषध घेऊन येऊ शकतो. त्यामुळे भेट अचानक असणे हाच त्या युक्तीचा प्राण होता.

रोगी औषध का सोडत? पास घेतला की मळमळे, पोट बिघडे, आणि तो रोज कित्येक ग्रॅम घ्यावा लागे. त्याहून मोठे कारण असे की, दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, अंगात बळ येते. बरे वाटणाऱ्या माणसाला आणखी नऊ महिने औषध घ्या म्हणून पटवणे हे, माझ्या मते, वैद्यकातले सर्वांत अवघड काम आहे. आपल्या घरात मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे रोगी आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको! फॉक्स यांनी १९५८ साली एक स्वतंत्र निबंधच लिहिला, तो रोग्याने आपले औषध आपण घेण्याच्या प्रश्नावर. एवढ्या साध्या गोष्टीवर निबंध कशाला, असे तोवर वाटत आले होते.

१९५९ साली निकाल जाहीर झाला. वर्षअखेर सॅनेटोरियममधल्या ९२ टक्के आणि घरच्या ८६ टक्के रोग्यांचा रोग जंतुदृष्ट्या शांत झालेला आढळला. सॅनेटोरियममधल्यांचे वजन जास्त वाढले, हे खरे. पण कमी खाऊन, काम करून, गर्दीत राहूनही घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि ज्याची सर्वांना धास्ती होती ती गोष्ट घडली नाही: घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातलगांत रोगाचे प्रमाण दुसऱ्या गटातल्यांपेक्षा अधिक निघाले नाही. जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो. पाच वर्षांनीही दोन्ही गटांत फरक असा राहिला नाही. शतकभर हवा, दूध आणि विश्रांती यांना दिलेला मान पुष्कळसा औषधालाच देणे भाग पडले.

रोगी बेजबाबदार, असा सूर मात्र काही केल्या जात नव्हता. त्याला एक चोख उत्तर बंगलोरहून आले. तेथल्या राष्ट्रीय क्षय संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ साली तुमकूर भागातली पाहणी प्रसिद्ध केली. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते, आणि तेथून खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. पथ्य मोडले ते कोणी, हे वाचकांनीच ठरवावे.

मद्रासने पुढची पायरी ओलांडली. रोजच्या औषधाऐवजी आठवड्यातून दोनदा, परंतु सेवकाच्या डोळ्यांदेखत द्यायचे, ही रीतही रोजच्या उपचाराइतकीच गुणकारी ठरल्याचे १९६४ साली प्रसिद्ध झाले. याच बीजाचा वृक्ष म्हणजे १९९० नंतर जगभर पसरलेला ‘डॉट्स’. या वृक्षाखाली एक गोष्ट हरवली असे मला वाटते. मद्रासला सेवक रोग्याच्या दारी जात होता, आणि पुढे पुष्कळ ठिकाणी रोग्यालाच मजुरी बुडवून दवाखान्याच्या दारी यावे लागले.

अलीकडे दूरध्वनीची युक्ती निघाली. गोळी काढली की पाकिटावर दडलेला क्रमांक दिसतो, त्यावर रोग्याने फुकट फोन करायचा, की गोळी घेतल्याची नोंद होते. ही नोंद कितपत खरी, हे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे तपासून पाहिले, आणि २०२० साली त्याचा अहवाल आला. काम केले त्याच जुन्या केंद्राने. त्याचे नाव आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था. पद्धतही ओळखीचीच निघाली: सेवक न कळवता घरी गेले आणि त्यांनी लघवीत आयसोनियाझिड आहे का ते पाहिले. फोनची नोंद पुरेशी भरवशाची ठरली नाही.